मुलांच्या वाट्याचें दारिद्र्य

शिक्षकाचा पेशा सोडून मला आतां कांहीं वर्षें झालीं. परंतु एक विद्यार्थी अद्याप मनांतून जात नाहीं. दुसऱ्या तासाला तो हमखास पेंगत असे. मीं त्याला आळशी ठरविलें, बाकावर उभें केलें. पुढें कळलें कीं, तो सकाळीं नुसता कोरा चहा पिऊन येतो. ज्याला मी आळस समजलों, ती भूक होती. दारिद्र्याविषयीं असाच चुकीचा निवाडा भलीं भलीं माणसें फार दिवस करीत आलीं, आणि तो दुरुस्त होण्यास नुसता कळवळा पुरला नाहीं; मोजणी करावी लागली.

इंग्लंडांतील यॉर्क शहरीं सीबोम रौंट्री नांवाचे गृहस्थ होते. घरचा चॉकोलेटचा मोठा कारखाना. १८९९ सालीं त्यांनीं तेथील मजूरवर्गाच्या ११,५६० कुटुंबांची घरोघर चौकशी करविली. गरीब हा दारूनें नाहीं तर उधळेपणानें गरीब राहतो, असा त्या काळच्या सुखवस्तु लोकांचा समज. रौंट्रींनीं साधा हिशेब मांडला : आईबाप व तीन मुलें यांचीं शरीरें केवळ टिकावयास आठवड्याला काय लागतें? उत्तर आलें, २१ शिलिंग ८ पेन्स. यांत वर्तमानपत्र नाहीं, तंबाखू नाहीं, टपालाचें तिकीटही नाहीं. हिशेब मुद्दामच कंजूष धरला होता. तरीही शहराच्या वस्तीपैकीं शेंकडा सुमारें दहा माणसें त्याच्याही खालीं निघालीं. आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या दैन्याचें कारण, कर्ता पुरुष रोज कामावर जात असूनही मजुरी अपुरी, हें होतें.

त्यांच्या १९०१ च्या ग्रंथांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. मजुराच्या आयुष्यांत टंचाईचे तीन काळ येतात, असें त्यांनीं दाखविलें : त्याचें स्वतःचें लहानपण, त्याचीं मुलें लहान असतात तो काळ, आणि म्हातारपण. मजुरी कामावरून ठरते. घरीं खाणारीं तोंडें किती, हें मुकादम विचारीत नाहीं. तिसरें मूल जन्मास आलें कीं तेंच उत्पन्न पांचांत वाटलें जातें. ज्या वयांत हाडें घडावयाचीं, नेमकें त्याच वयांत ताट अपुरें. पुढें पोरें कमावतीं होतात, घर सावरतें. पण तोंवर त्यांचें बालपण होऊन गेलेलें असतें.

निदान हातीं आल्यावर उपायही सुचूं लागला. एलिनॉर रॅथबोन या विदुषींनीं १९२४ सालीं ग्रंथ लिहून मागणी केली कीं, मुलांच्या पोषणासाठीं मजुरीखेरीज वेगळा भत्ता मिळावा. कायदा व्हावयास १९४५ साल उजाडलें : दुसऱ्या मुलापासून दर मुलामागें आठवड्यास पांच शिलिंग. मसुद्यांत हा पैसा बापाच्या नांवें होता! रॅथबोनबाईंनीं पार्लमेंटांत हट्ट धरून तो आईच्या हातीं देवविला. त्यानें काय फरक पडतो, हें ऐकणाऱ्या गृहिणींना सांगावयास नको.

कोणाच्या हातीं द्यावयाचें, हा प्रश्न आपल्याकडेही आला. १९९५ पासून केंद्र सरकारच्या योजनेंतून शाळकरी मुलांसाठीं धान्य येऊं लागलें. पण बहुतेक राज्यांत, हजेरी भरली तर, महिन्याला तीन किलो कोरडें धान्य घरीं दिलें जाई. मीं स्वतः तें मापून दिलें आहे. घरच्या डब्यांत पडल्यावर त्यांतलें त्या मुलाच्या पोटांत किती गेलें, कोण सांगणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी प्राथमिक शाळांतून शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला. नंतर अभ्यासकांनीं राजस्थान, छत्तीसगड व कर्नाटक येथील शाळा पाहिल्या, तों पहिलीच्या वर्गांत मुलींचीं नांवें विशेष वाढलेलीं आढळलीं.

शाळेच्या वयाआधींच्या मुलांचा प्रश्न मात्र या जेवणानें सुटत नाहीं. त्यांच्यासाठीं अंगणवाडी आहे, आणि तिच्या पदरीं काय पडतें हेंही कोणीतरी मोजीत राहिलें पाहिजे. तेव्हां पाहणीचा माणूस दारीं आला, तर "आतां वेळ नाहीं" म्हणून त्याला परतवूं नका.

माझ्या त्या विद्यार्थ्याला शाळेंतली खिचडी कधीं मिळाली नाहीं. ती सुरू होण्याच्या पुष्कळ आधीं त्यानें शाळा सोडली होती.