हेड कोणाच्या हाती द्यावं?

मोटरसायकल शर्यतीत उतरवायची ठरली की खर्चाच्या यादीत सिलिंडर हेडचं काम वरच्या ओळीत येतं. कारखाना शोधताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपी वाढतील? गोंदिया जिल्ह्यातल्या रायडरला हा प्रश्न बहुधा फोनवरच विचारावा लागतो, कारण शर्यतीचं हेड करणारी नावाजलेली ठिकाणं पुणे, बंगळुरू, चेन्नई, कोइमतूर अशी लांब आहेत. फोनवर आकडा सांगणं सोपं असतं. पाच एचपी सांगणारा मागे पडतो आणि आठ सांगणाऱ्याला काम मिळतं. माझं म्हणणं असं की कारखान्याची पारख त्याने दिलेल्या आकड्यावर करूच नये. तो आकडा कशाने मोजला, कोणत्या अटींवर मोजला आणि तो लिहून देण्याची त्याची तयारी आहे का, एवढ्यावरच निवड व्हावी.

हे समजायला हेडचं काम थोडं जवळून पाहावं लागेल. फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो. दर वेळी तो उघडा राहतो जेमतेम पाच सहस्रांश सेकंद. तेवढ्यात हवा आणि पेट्रोल पोर्टमधून वळण घेऊन, व्हॉल्व्हच्या कडेने सिलिंडरमध्ये भरायचं असतं. त्यातही व्हॉल्व्ह पूर्ण उचललेला असा क्षणभरच असतो, बाकीचा सगळा वेळ तो अर्धामुर्धा उघडा असतो. म्हणून पूर्ण उचलीवर किती हवा जाते याची जाहिरात करणारं हेड शर्यतीत चांगलं चालेलच असं नाही. दोन-तीन मिलिमीटर उचलीवर हवा कशी जाते, हे बऱ्याच अंशी व्हॉल्व्ह सीटच्या कोनांवर ठरतं, आणि सीट कापणं हे पोर्ट रुंद करण्यापेक्षा कितीतरी नाजूक काम आहे. आरशासारखा चकचकीत पोर्ट फोटोत उठून दिसतो, पण इनटेकच्या गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा ओलावा धरून राहतो. किंचित खरखरीत भिंत तिथे जास्त उपयोगी पडते. पॉलिशचे फोटो पाहून कारखाना निवडणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

हवा मोजण्याचं यंत्र म्हणजे फ्लो बेंच. हेड त्यावर बसवायचं, यंत्राने हवा ओढायची, व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उचलत जायचा आणि प्रत्येक उचलीला मिनिटाला किती घनफूट हवा गेली ते टिपायचं. गफलत होते ती इथेच. हा आकडा किती दाबफरकावर काढला हे सांगितलं नाही, तर त्याला काहीच अर्थ राहत नाही. दाबफरक इंच पाण्यात मोजतात. कुणी १० इंचावर चाचणी घेतो, कुणी २८ इंचावर. हवेचा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० इंचावर ६० घनफूट दाखवणारं हेड २८ इंचावर सुमारे १०० दाखवतं. हेड तेच, पोर्ट तोच, आणि आकड्यात दोन तृतीयांश वाढ. दोन कारखान्यांच्या आकड्यांची तुलना करून निर्णय घेणारा ग्राहक पुष्कळदा दोन वेगवेगळ्या दाबफरकांची तुलना करत असतो.

आकडेही फुगवता येतात, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, अशी शंका कुणी घेईल. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर मोजणीतच आहे. कामाच्या आधी आणि नंतर, त्याच बेंचवर, त्याच दाबफरकावर, तुमच्याच बोअरच्या मापाची नळी लावून काढलेले दोन तक्ते मागावेत. बेंच थोडा चुकीचा असला तरी ती चूक दोन्ही तक्त्यांत सारखीच राहते आणि फरक विश्वासार्ह उरतो. नुसता नंतरचा तक्ता देणाऱ्याने खरं तर काहीच दाखवलेलं नसतं.

मोजणी फक्त हवेची नसते. १५० सीसीचं, ५६ मिलिमीटर बोअरचं एक इंजिन घेऊ. कॉम्प्रेशन ९.५ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा १७.६ सीसी. हेडच्या फेसवरून अर्धा मिलिमीटर काढला आणि चेंबरचं तोंड बोअरएवढं धरलं, तर १.२ सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन १०.१ वर जातं. अर्ध्या मिलिमीटरचा हा परिणाम ब्युरेटने सीसी मोजल्याशिवाय कळणार नाही. शिवाय कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात हेड खाली आलं की टायमिंग चेन सैल पडते, टेन्शनर ती ओढून घेतो आणि कॅमचं टायमिंग मागे सरकतं. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो तो वेगळाच. म्हणून पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा थर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, व्हॉल्व्हला किती जागा उरली ते पाहतात. फेसिंग करून देणारा पण हे तिन्ही न विचारणारा कारखाना शर्यतीच्या कामाचा नाही, त्याचं दुकान कितीही मोठं असो.

यावर गोंदियातून एक आक्षेप येईल, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. हा धानाचा जिल्हा आहे. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेला ट्रॅक्टर बांधीत तासन्‌तास चिखलणी करतो, इंजिनावर पूर्ण भार असतो, रेडिएटरची जाळी चिखलाने बुजते, इंजिन तापतं, आणि गॅसकेट जाणं, हेड वाकणं, तडा जाणं हे सगळं ओघाने येतं. अशी हेडं उतरवून, सीट बसवून, व्हॉल्व्ह लॅप करून पुन्हा उभी करणाऱ्या मिस्त्रींच्या हातात जाण आहे. त्यांना वगळून लांबच्या यंत्रवाल्याकडे का जावं? माझं उत्तर असं की वगळू नयेच. मोजणं म्हणजे परदेशी यंत्र असा समज आहे, तो चुकीचा आहे. व्हर्निअर, डायल गेज, काचेची ब्युरेट आणि ॲक्रिलिकचा तुकडा एवढ्यात अर्धी तपासणी होते. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि चेंबरकडून झिरपतं का ते पाहायचं, ही चाचणी तर फुकटच आहे. गाइडमध्ये व्हॉल्व्ह किती हलतो, स्प्रिंगची बसवलेली उंची किती, हे वहीत लिहून ठेवणारा मिस्त्री माझ्या कसोटीला उतरतो. नुसत्या अंदाजावर ग्राइंडर चालवणारा उतरत नाही, मग तो गोंदियातला असो की पुण्यातला. हाताच्या कसबाची उणीव अशी की एकदा उत्तम जमलेलं काम पुन्हा तसंच करता येईलच याची खात्री नसते. शर्यतीचं इंजिन हंगामात अनेकदा उघडलं जातं, तेव्हा मागच्या वेळी काय माप होतं हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक वेळी पाटी कोरी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: हवा जास्त म्हणजे ताकद जास्त असं नाही. अगदी खरं. पोर्ट वाजवीपेक्षा मोठा केला की हवेचा वेग पडतो, आणि वळणातून बाहेर पडताना जी ओढ लागते ती जाते. हॅरी वेस्लेक या इंग्रज तंत्रज्ञाने हेडमधल्या हवेच्या प्रवाहाचा अभ्यास आयुष्यभर केला, आणि जग्वारच्या १९४८ च्या एक्सके इंजिनाच्या हेडला त्याचा हात लागला. पुढे कीथ डकवर्थने कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनात दोन बाजूंच्या व्हॉल्व्हमधला कोन ३२ अंशांवर आणला. त्यामुळे चेंबर उथळ आणि आटोपशीर झालं. ते इंजिन १९६७ मध्ये झांडवोर्टच्या डच ग्रां प्रीत पहिल्यांदा उतरलं आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. पुढे फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती या इंजिनाने जिंकल्या. त्यात हवा, चेंबर, पिस्टन, कॅम यांचा विचार एकत्र झाला होता. तुमचा कारखानाही असाच विचार करणारा हवा, आणि त्याची ओळख पटकन पटते: तो दर सांगण्याआधी प्रश्न विचारतो. कॅम कोणता, पिस्टन कोणता, गॅसकेट किती जाडीचं, एक्झॉस्ट कसा, ट्रॅक कोणता, कोणत्या आरपीएममध्ये गाडी जास्त वेळ राहते. काही न विचारता ठरलेला दर सांगणारा सगळ्यांना एकच हेड करून देणार.

अंतराचं म्हणाल तर ते वाटतं तेवढं मोठं नाही. मोटरसायकलचं हेड काही किलोचं असतं, गाडी पाठवावी लागत नाही, आणि गोंदिया मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे. उतरवणं, बसवणं, टॅपेट लावणं इथल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडे आणि सीट, पोर्ट, फ्लो यंत्र असलेल्याकडे, अशी वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मोजणीचा खर्च जास्त वाटला तर एवढंच आठवावं की एक व्हॉल्व्ह तुटून आत पडला तर पिस्टन, सिलिंडर आणि हेड तिन्ही जातात.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी ज्या शर्यतीत उतरायचं तिची नियमावली वाचा, कारण काही गटांत पोर्टला ग्राइंडर लावलेलाच चालत नाही आणि तपासणीत हेड उघडून पाहतात. रोजच्या वापरातली गाडी या कामाला लावू नका. नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. मग कारखान्याला फोन करा आणि एचपीचा विषय न काढता कामाआधीचा व नंतरचा तक्ता, दाबफरक, चेंबरचे सीसी आणि सीटची मापं लेखी मागा. जो देतो म्हणेल त्याच्याकडे हेड पाठवा.