आयबसची ‘रिकामी’ लेन

आयबस म्हणजे काय, हे इंदूरच्या मुलांना सांगावं लागत नाही. विजयनगरकडून भंवरकुआंला क्लाससाठी जाणाऱ्या कितीतरी जणांचं कॉलेजचं वय तिच्यातच गेलं. आमच्या आईला गुडघ्यांमुळे साध्या सिटी बसची पायरी चढवत नाही. आयबसने मात्र ती एकटी गीता भवनला जाऊन यायची, कारण थांब्याचा फलाट आणि बसची फरशी एकाच पातळीवर होती.

ही युक्ती मूळची ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराची. मेट्रो परवडणारी नव्हती, म्हणून जैमे लर्नर महापौर असताना १९७४ मध्ये तिथे बसलाच स्वतंत्र मार्ग मिळाला. १९९१ मध्ये नळीसारखे थांबे आले : तिकीट आधीच काढायचं, बस आली की सरळ आत. आपल्याकडे मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस सुरू झाली, ती याच धर्तीवर.

तेव्हापासून एक तक्रार घरोघरी ऐकू यायची : “आम्ही इथे जाममध्ये अडकलोय आणि बसची लेन रिकामी पडलीय!” मीही कारमध्ये बसून हे म्हटलेलं आहे. पण जरा हिशेब करा. एका बसमध्ये साठ माणसं, एका कारमध्ये बहुधा एक नाहीतर दोन. तीच साठ माणसं कारने निघाली तर किमान तीस गाड्यांची रांग लागेल. बस चटकन निघून जाते, म्हणून लेन रिकामी दिसते. चौकातली कोंडी खरी होती, हे मान्य. शहराच्या इतर भागांतून या मार्गापर्यंत पोचायची सोयही धड नव्हती. पण घरकामाला जाणाऱ्या बाईला, दुकानातल्या मुलाला किंवा हॉस्टेलवरच्या मुलीला वेळेवर पोचायची जी खात्री होती, ती त्या लेनमुळेच. उशीर झाला की पगार कापला जातो तो यांचाच, कारवाल्याचा नाही.

भोपाळची बीआरटीएस २०२४ च्या सुरुवातीला काढायला घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी इंदूरचीही काढण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. काहीजण म्हणतात, आता मेट्रो आहे की! आहे, पण ३१ मे २०२५ ला सुरू झालेला तिचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला आहे. पलासियात भांडी घासायला येणाऱ्या मावशींची वाट ती नव्हे.

आईला गीता भवनला जायचं असलं की आता ती आधी मला विचारते, “रविवारी तुला वेळ आहे का रे?”