चर्चमधील धूपदाणी

अजमानच्या बाजारात लुबानाचे पांढरट-पिवळे खडे वजनावर मिळतात. मराठी माणसाला हा वास परका नाही. आपला ‘लोबान’ हा शब्द मूळ अरबी ‘लुबान’चाच. ‘ऊद’ही अरबीच, फक्त इकडे ऊद म्हणजे अगरूचे सुगंधी लाकूड आणि आपल्याकडे निखाऱ्यावर टाकायचा डिंक. उत्तम लुबान शेजारच्या ओमानातल्या धोफारचा. येशूबाळाला पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी जो ऊद वाहिला म्हणतात, तो हाच.

अजमानच्या कॅथलिक मंडळींना जवळचे चर्च शारजाचे सेंट मायकल. आपले वसईकडचे मराठी ख्रिस्ती बांधवही तिथेच जातात. सणाच्या मिस्साला साखळ्यांवर झुलणारी धूपदाणी पाहिली की पाहुण्याला वाटते, वास छान यावा म्हणून असेल. पण तेवढेच नाही.

धूपदाणी म्हणजे धातूची वाटी आणि भोकांचे झाकण. बहुधा तीन साखळ्यांवर वाटी लोंबते, चौथीने झाकण वर ओढायचे. आत पेटते कोळसे. शेजारी होडीच्या आकाराची धुपाची डबी. फादर निखाऱ्यावर धूप घालतात आणि न बोलता क्रूसाची खूण करून तो आशीर्वादित करतात. ओवाळण्याआधी व नंतर नमन. पवित्र साक्रामेंत, वेदीवरचा क्रूस व अर्पणे यांना तीनदा, संतांच्या मूर्तीला दोनदा. रोजच्या मिस्साला मात्र धूप हवाच असे नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीचे ख्रिस्ती लोक धुपापासून लांबच राहत. रोमन राज्यात देवतांपुढे धूप टाकणे ही राजनिष्ठेची परीक्षा होती. नकार देणाऱ्या कित्येकांनी प्राण गमावले. चौथ्या शतकात हा छळ थांबला. त्याच शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एजेरिया या यात्रेकरू बाईंनी तिथल्या चर्चमध्ये दरवळणाऱ्या धुपाची नोंद करून ठेवली आहे. वर जाणारा धूर म्हणजे देवाकडे जाणारी प्रार्थना. ही कल्पना बायबलच्या १४१व्या स्तोत्रात आहे.

पण सर्वांत महत्त्वाचे पुढेच. अर्पणांना धूप दिल्यावर तो फादरना आणि मग जमलेल्या साऱ्या माणसांना देतात, तोही तीनदाच! तिथे मालक कोण, लेबर कॅम्पातला कामगार कोण, हे कुणी पाहत नाही. अंत्यविधीत शवपेटीलाही धूप देतात. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर होते, म्हणून हा शेवटचा मान. आखातात जीव गेला आणि देह विमानाने गावी पोचला, तर तिथल्या चर्चमध्येही हाच मान मिळतो. त्याने गाठीला किती पैसा बांधला होता, हे धूपदाणी विचारत नाही.

आपल्या म्हणीत तेल-तूप गेल्यावर हाती उरते ते धुपाटणे. इथे मात्र रिकाम्या हाताच्या माणसापुढेही ते तितक्याच आदराने झुलते. मंडळाच्या मदतनिधीत आपण जे घालतो, ते घेणाऱ्याचा मान राखूनच पोचावे, एवढे यातून घेतले तरी पुष्कळ झाले.