खडकाची उंची, मुलाची उंची

वैद्यकीय व्यवसायात सलग दोन दिवसांची उसंत मिळणे हाही एक योगच. तो साधून मागील हिवाळ्यात आम्ही रायापूरहून निघालो. यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असे करीत किनाऱ्याने उडुपी गाठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलपे बंदरातून होडीने सेंट मेरी बेटावर उतरलो. १४९८ साली वास्को द गामा येथे आला आणि त्यानेच हे नाव ठेवले, अशी परंपरा सांगते.

बेटावर पाऊल ठेवताच नजर खिळते ती दगडी स्तंभांवर. पाच, सहा, सात बाजूंचे हे खांब एकमेकांना बिलगून उभे आहेत. जणू कुणी पाथरवटाने घडवून रचलेले! प्रत्यक्षात ही करणी लाव्हारसाची. तळ्याचा गाळ सुकताना जसा भेगाळतो, तसा निवणारा लाव्हा आकसतो. पृष्ठभागावर पडलेल्या भेगा आत आत उतरत जातात आणि खडकाचे स्तंभ होतात. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून विलग होत असतानाच्या ज्वालामुखी घडामोडींचा हा अवशेष आहे. आपल्या परिचयाचा दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याहून धाकटाच! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या स्थळास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

मी कॅमेरा सरसावला. छायाचित्रे मात्र फसू लागली. शेजारी ओळखीची वस्तू नसल्याने खांब केवढा, हेच कळेना. सोबत भाचीचा आठ वर्षांचा मुलगा होता. बालरोगतज्ज्ञाच्या सवयीने मी त्याची उंची मनात मोजली : सव्वाशे सेंटिमीटर. मोजपट्टी मिळाली! त्याला खांबापाशी उभे केले. चौकट जमेना, म्हणून "थोडा मागे, अजून थोडा मागे," असे सांगत राहिलो. तो आज्ञाधारकपणे सरकत गेला. माझा डोळा भिंगाला, लक्ष प्रकाशाकडे. इतक्यात भाचीची किंकाळी ऐकू आली. मुलगा शेवाळलेल्या कडेवर पोहोचला होता आणि पाठीमागून लाट येत होती. एका अनोळखी गृहस्थांनी त्याचा दंड धरून त्याला ओढून घेतले. गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावले.

तीस वर्षे मी पालकांना अपघात टाळण्याचे धडे देत आलो आहे. उकळते दूध, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, सारे मला तोंडपाठ. त्या यादीत स्वतःच्या हातातला कॅमेरा मात्र कधी आला नव्हता. मूल आपल्या शब्दावर विश्वासून मागे सरकते. मागे काय आहे, हे आपणच पाहायचे असते.

त्यानंतर मी कोरड्या, सपाट जागी सर्वांना बसवून लांबूनच एक छायाचित्र घेतले. त्यात स्तंभ जरा लहान दिसतात. दवाखान्यात माझ्या टेबलासमोर मी तेच लावले आहे.