हौद्यातला पुरावा

मोटारींच्या इतिहासात पिकअपला मानाचे पान नाही. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसवर जाडजूड ग्रंथ निघतात, कारण त्या गाड्यांच्या एकेका चासीची नोंदपत्रे इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहेत. गाडी कोणी घेतली, बॉडी कोणी बांधली, हे कागदावरून सांगता येते. १९५० सालच्या एखाद्या शेवरोले पिकअपच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचली, तर कारखाना, साल, महिना आणि अनुक्रमांक यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ती पुढे कोणत्या शेतावर गेली, तिने मका वाहिला की दुधाचे कॅन, तिचा डावा मडगार्ड कधी चेपला, हे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. ही माहिती उरली असेल तर दोनच ठिकाणी: गाडीच्या पत्र्यात, आणि ज्या घरासाठी ती राबली त्या घरातल्या माणसांच्या आठवणीत. जुनी पिकअप पुन्हा उभी करताना घरच्यांनी लावलेला हातभार कौतुकाने सांगितला जातो, पण तो फुकटचे मनुष्यबळ म्हणून. माझे म्हणणे असे की मालवाहू गाडीच्या जीर्णोद्धारात कुटुंब हे संशोधनाचे पहिले साधन आहे, आणि त्याला वगळून केलेले काम कितीही सफाईदार असले तरी अर्धवट राहते.

पिकअपचा जन्मच मुळी घरगुती खटपटीतून झाला आहे. फोर्डने कारखान्यात हौदा बसवलेली मॉडेल टी १९२५ साली बाजारात आणली, किंमत २८१ डॉलर. त्याआधी कितीतरी वर्षे अमेरिकेतले शेतकरी साध्या मोटारीचा मागचा भाग काढून तिथे लाकडी खोके ठोकत होते. कंपनीने नवे काही शोधले नाही, गोठ्यामागे चाललेला उद्योग आपल्या यादीत घेतला. रोनल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ साली अमेरिकन खेड्यांतल्या मोटारीवर लिहिलेला निबंध या बाबतीत फार मोलाचा आहे. शेतकरी कुटुंबे गाडीचे मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा जोडत आणि त्यावर लाकूड कापत, मका सोलत, कपडे धुण्याचे यंत्र फिरवत, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. म्हणजे गाडी काय आहे हे ठरवण्यात वापरणाऱ्या घराचा वाटा कारखान्याइतकाच होता. हे मान्य केले, तर ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा जीर्णोद्धाराचा एकमेव निकष पिकअपला लावता येत नाही. ज्या क्षणी ती कारखान्यातून निघाली, त्या क्षणी तिचा इतिहास सुरूही झाला नव्हता.

पत्र्यातला आणि यंत्रातला हा इतिहास वाचायचा कसा, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे १९४७ ते १९५५ या काळातली शेवरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका. युद्धानंतर जनरल मोटर्सने नव्याने आखलेली ही पहिली गाडी. आज हौशी मंडळींची सर्वांत आवडती जुनी पिकअप कोणती म्हटले तर हीच आठवते: गोलसर केबिन, पुढच्या जाळीच्या पाच आडव्या पट्ट्या, नेहमीचा गडद हिरवा रंग. तिच्या अर्ध्या टनाच्या मॉडेलमध्ये १९५३ पर्यंत २१६ घन इंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन असे. ताकद सुमारे ९० अश्वशक्ती. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला आजच्यासारख्या सुट्या बेअरिंगच्या वाट्या नव्हत्या. रॉडमध्येच बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतलेला असे, आणि रॉडच्या टोपीला तेल झेलणारा छोटा चमचा असे. रॉड आणि टोपी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पातळ शिम घातलेल्या असत. बॅबिट झिजून इंजिन ठोकू लागले, की खालचे ऑइल पॅन सोडायचे, एखादी शिम काढायची, टोपी पुन्हा आवळायची. इंजिन गाडीतून उतरवायचीही गरज नाही. शेतकरी हे काम हिवाळ्यात कोठारात आडवा पडून करू शकत असे.

आता सत्तर वर्षांनी तेच पॅन उघडले, तर प्रत्येक रॉडपाशी उरलेल्या शिम दिसतात. पाच रॉडांपाशी एकेकच शिम उरली आहे आणि चौथ्यापाशी मात्र जाड थर आहे, असे आढळले तर अर्थ सरळ आहे: चौथा रॉड कधीतरी बदलला, बाकीचे पुन्हा पुन्हा घट्ट केले. का बदलला? तेल संपलेले असताना गाडी ओढली होती का? त्या वर्षी पैसे नव्हते म्हणून बाकीचे पाच तसेच ठेवले का? या प्रश्नांची उत्तरे शिम देत नाही. ती त्या घरातल्या आत्याकडे किंवा थोरल्या काकांकडे असतात, आणि समोर शिम ठेवून विचारले तर बरेचदा मिळतात. नुसते ‘गाडीबद्दल काही सांगा’ म्हटले तर माणूस ठरावीक दोनचार गोष्टी सांगून गप्प होतो. झिजलेला भाग हातात दिला की आठवण नेमकी होते. म्हणून गाडी खोलताना घरातली जुनी माणसे शेजारी हवीत, सगळे साफ करून रंग दिल्यावर फोटोसाठी नव्हेत. क्रम उलटा केला तर प्रश्न विचारण्याचे साधनच आपण केरात टाकलेले असते.

हौद्याची गोष्ट तर अधिकच डोळ्यांत भरणारी. या गाड्यांच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा, आणि फळ्यांच्या मधे माल सरकवता यावा म्हणून पोलादी पट्ट्या. आज प्रदर्शनांत उभ्या असलेल्या कित्येक गाड्यांच्या हौद्यात ओकच्या फळ्या वार्निश लावून आरशासारख्या चमकवलेल्या दिसतात. कारखान्यातून असा हौदा कधी येत नसे. मालाची गोणी जिथे आपटायची तिथे वार्निश कोण लावील? म्हणजे ‘मूळ रूपात आणली’ असे ज्या गाडीबद्दल अभिमानाने सांगितले जाते, ती ना कारखान्याची असते ना शेताची. ती सुटे भाग विकणाऱ्यांच्या आजच्या कॅटलॉगची असते. उलट, जुन्या तळावरची एखादी वेगळ्या लाकडाची फळी, घरच्याच वेल्डिंगने लावलेले जाडेभरडे ठिगळ, कडेला दोर बांधायला पाडलेली भोके, ही त्या गाडीची खरी कागदपत्रे आहेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत सांगते: वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेचा हा वारसा आहे. देवळाचा जुना दगड सँडब्लास्टिंगने घासू नये हे आपल्याला आता पटू लागले आहे. पत्र्याच्या बाबतीत अजून पटायचे आहे.

कुटुंबाचा दुसरा वाटा हाताच्या ज्ञानाचा. डग्लस हार्पर या समाजशास्त्रज्ञाने १९८७ साली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका छोट्या दुरुस्ती-कार्यशाळेवर ‘वर्किंग नॉलेज’ हे पुस्तक लिहिले. त्याने दाखवले, की चांगल्या मिस्त्रीचे ज्ञान बोटांत आणि कानांत असते, आणि ते शेजारी उभे राहूनच दुसऱ्याकडे जाते. ब्रेकमधली हवा काढण्याचे काम घ्या. एक जण केबिनमध्ये बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी आडवा पडून निपल सैल करतो. दाबलेले पेडल निपल बंद व्हायच्या आत सुटले, तर नळीत पुन्हा हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून. इथे दोघांमध्ये ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढीच भाषा चालते. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलीला पेडलखालचा तो स्पंजासारखा मऊपणा जाऊन घट्टपणा कधी आला, हे एकदा पायाला कळले की द्रवाचा दाब म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. अमेरिकेत १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानंतर शाळांमधून शेतीच्या धंदेशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला आणि शेतघरांत पाना-हातोडीची विद्या रुजली. तिथे आजही शाळकरी मुले जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून स्पर्धेत उतरवतात, आणि कामाची नोंदवही सादर करतात. ही नोंदवही मला चकचकीत रंगापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

याविरुद्ध पहिला आक्षेप असा, की घरची आठवण ही भरवशाची साक्ष नाही. आजोबा शपथेवर सांगतात की इंजिन कधी बदललेच नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय आठवण टाळण्याचा नाही, तपासण्याचा आहे. शेवरोलेच्या इंजिनावर ओतकामाची तारीख उठवलेली असते: महिन्यासाठी इंग्रजी वर्णमालेतले अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. तिसरे अक्षर, १४ आणि १ असे दिसले तर ब्लॉक १४ मार्च १९५१चा. गाडी १९४८ची असेल तर आजोबांचे चुकले. पण इंजिन का आणि कोठून आले हा शोध त्या चुकीपासूनच सुरू होतो, आणि पुढचा धागा पुन्हा घरातच सापडतो: शेजारच्या शेतावरची मोडलेली गाडी, विकत घेतलेले जुने इंजिन, कधी कधी जुन्या पत्र्याच्या डब्यातली पावती. धातू आणि आठवण एकमेकांची उलटतपासणी घेतात. एकट्या धातूवर किंवा एकट्या आठवणीवर विसंबणाऱ्यापेक्षा असा शोध कितीतरी पुढे जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हौशी हातांनी केलेले काम रस्त्यावर धोकादायक ठरू शकते. या गाड्यांचे ब्रेक एकाच नळजोडणीवर चालतात, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मागचा दिवा नेहमीच्या मॉडेलला एकच, तोही डाव्या बाजूला. विजेचा पुरवठा ६ व्होल्टचा, सीटबेल्ट नाहीत. इथे मला भावनेला जागा द्यावीशी वाटत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि चासीचे वेल्डिंग जाणत्या मिस्त्रीकडूनच तपासून घ्यावे. उजवा दिवा आणि पट्टे बसवावेत, मूळ भाग न कापता, पुन्हा काढता येतील असे, आणि नोंदवहीत लिहून. कुटुंब हे साधन आहे असे म्हणण्यात मिस्त्रीचा अधिकार कमी होत नाही. तोही त्या घराच्या कामात सामील होतो, एवढेच.

लिलावात घेतलेल्या, अनोळखी गाडीचे काय, असेही विचारले जाईल. तिथे घर वेगळे असते, नसते असे नाही. विकणाऱ्याच्या आधीचा मालक, त्याच्याआधीचा, असे मागे जाता येते. आणि गाडी खोलण्याआधी केलेले चार फोन नंतरच्या चारशे अंदाजांपेक्षा उपयोगी ठरतात.

हा वाद आपल्यासाठी परका नाही. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्यांची जुळवणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत ती चालली. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर, नुसती जुळवणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो निघत होत्या. ट्रकची चासी कारखान्यातून यायची आणि बॉडी इथला सुतार-लोहार बांधायचा, म्हणजे या गाड्यांना कारखान्याचे एकच ‘मूळ रूप’ असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही जुलै २०२१ मध्ये केंद्राने आणलेले व्हिंटेज वाहन-नोंदणीचे नियम पाहा. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशा वाहनांना वेगळी ओळख मिळाली हे चांगलेच झाले. पण ही व्याख्या बंगल्याच्या गॅरेजमधली मोटार डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. जी गाडी आयुष्यभर माल वाहण्यासाठीच होती, जिचे इंजिन दोनदा बदलले आणि हौदा तीनदा बांधला, तिने मूळ रूपाचा दाखला कुठून आणावा? बदल कधी, का आणि कोणी केले हे कागद, सुटे भाग आणि घरच्यांचे जबाब यांतून सिद्ध होत असेल, तर ते बदल गाडीच्या बाजूने मोजले जावेत, अशी दुरुस्ती या नियमांत व्हायला हवी. त्यासाठी लागणारा पुरावा मात्र आत्ताच गोळा करावा लागेल. शिवडीहून निघालेल्या शेवटच्या गाड्यांनाही सत्तर वर्षे होऊन गेली. त्या ज्यांनी चालवल्या, धुतल्या, रात्रीअपरात्री ढकलल्या, त्यांतले जे हयात आहेत ते ऐंशी-नव्वदीत आहेत. अशी गाडी ज्यांच्या परसात उभी आहे त्यांनी रंगाचा डबा आणण्याआधी त्यांना गाडीपाशी बसवावे, बॉनेट उघडावे आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करावे.