सहल फोनवर ठरली, पण जबाबदार कोण?

चकल्यांचा डबा भरला, औषधांची पिशवी झाली, घरच्या मंडळींसाठी भाजी चिरून ठेवली, की आपली सहलीची तयारी पूर्ण! अशा वेळी "तिकीट पाहिलंस का?" असं कुणी विचारलं, तर आपलं उत्तर ठरलेलं: "ते संयोजक बघतात ना!"

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी मीही हेच उत्तर दिलं होतं. आमच्या मंडळाच्या अठ्ठावीस जणी काशी-अयोध्येला निघाल्या होत्या. दोन वर्षं भिशीतून साठवलेले पैसे संयोजकांना दिले. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाच तिकिटांचे फोटो पाठवले आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकून आभार मानले. आमच्यातल्या एक काकू मात्र चष्मा लावून बसल्या. प्रत्येक तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर नंबर त्यांनी रेल्वेच्या १३९ नंबरवर तपासला. चार तिकिटं पक्की निघाली, पाचव्यावरच्या चौघी वेटिंगवर! त्या चौघींत मी होते.

"काकू, किती संशय घेता हो!" असं म्हणून आदल्याच दिवशी मी त्यांना हसले होते. संयोजकही म्हणाले, "होईल हो कन्फर्म." पण इंटरनेटवर काढलेल्या तिकिटावरचे सगळेच जण शेवटपर्यंत वेटिंगवर राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, पण ते ज्याने तिकीट काढलं त्याच्या खात्यात. आणि गाडीत काही चढता येत नाही. काकूंनी हे सांगितल्यावर धावपळ झाली आणि आम्हा चौघींना आदल्या दिवशीच्या गाडीत जागा मिळाली. नाहीतर चकल्यांचा डबा घेऊन फलाटावरूनच घरी परतावं लागलं असतं!

माहिती झाली स्वस्त

पूर्वी यात्रा कंपनीकडे आपण जायचो ते माहितीसाठी. कुठली गाडी, कुठली धर्मशाळा, देऊळ किती वाजता उघडतं, हे त्यांनाच ठाऊक. शिवाय बरोबर आचारी, त्यामुळे गंगाकाठीही वरण-भात मिळे! २००२ मध्ये रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर मिळू लागली आणि हळूहळू ही सगळी माहिती आपल्या ओट्यावरच्या फोनमध्ये आली. हॉटेलची खोलीसुद्धा आता फोटोत बघता येते.

याचा दुसरा परिणामही झाला. सहली काढायला आता दुकान लागत नाही, पाटी लागत नाही. एक फोन आणि एक ग्रुप असला की झाला माणूस संयोजक! त्यांतले कितीतरी जण मनापासून काम करतात. पण काही बिनसलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हा प्रश्न उरतोच.

मोठ्यांचंही तेच

नाव मोठं म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. इंग्लंडमध्ये ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या गृहस्थांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं खास आगगाडीने नेली. भाडं एक शिलिंग. त्यातून वाढलेली कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. (भारतातली त्या नावाची कंपनी तेव्हा वेगळ्या मालकीची होती, ती चालू राहिली.) डोक्यावर कर्जाचा डोंगर, शेकडो दुकानांचा खर्च आणि गिऱ्हाईक तर घरबसल्या इंटरनेटवर सहल ठरवू लागलेलं. त्या दिवशी सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने विमानं पाठवून त्यांना परत आणलं. विमानासकट सहल घेतलेल्यांचे पैसे तिथल्या संरक्षण योजनेमुळे वाचले. म्हणजे उपयोगी पडला तो कागद, नाव नव्हे!

तेव्हा आज आपण पैसे मोजतो ते माहितीचे नाहीत, जबाबदारीचे आहेत. ती कोण घेतंय, हे आधी विचारायला लाजू नका. त्यात अपमान कसला? भाजीवालीकडे आपण मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघतोच की!

पैसे देण्यापूर्वी एवढं कराच

• संयोजकाचा पत्ता आणि सही असलेली पावती घ्या. कशाचे पैसे धरलेत, कशाचे नाहीत आणि सहल रद्द झाली तर किती परत मिळणार, हे लिहून घ्या.

• पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. मात्र पैसे परत मिळवण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगितला, तर फसवणूक समजा. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही.

• रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणून आपलं नाव ज्यावर आहे, त्याच तिकिटाचा नंबर मागून घ्या आणि स्वतः तपासा.

• केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या नावाने खोट्या वेबसाइट निघतात. २०२३ पासून हे बुकिंग आयआरसीटीसीच्या 'हेलीयात्रा' वेबसाइटवर होतं. चारधामला जाण्याआधी उत्तराखंड सरकारकडे नोंदणीही करावी लागते. ती झाली का, ते विचारा.

• पैसे गेलेच, तर रडत बसू नका. लगेच १९३० नंबरला फोन करा. जितकी घाई, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

• हॉटेलचं नाव, संयोजकाचा नंबर आणि तिकिटाचा आकडा एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. दुसरा कागद घरी फ्रिजवर लावा. फोनची बॅटरी कधी दगा देईल, सांगता येत नाही!

यंदा आमचं मंडळ कोकणात जायचं म्हणतंय. तिकिटं तपासायचं काम काकूंकडेच दिलंय. या वेळी मी त्यांच्या शेजारी चष्मा लावून बसणार आहे.