पोरगं परत येतं, तेव्हा गाव काय करतं?

विहिरीवरची मोटार चोरीला गेली की गावात पहिला संशय कुणावर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. शाळा सोडून टपरीवर बसणारं, बापाचं न ऐकणारं एखादं पोरगं प्रत्येक गावात असतंच. पुष्कळदा संशय खोटा ठरतो, कधी खराही निघतो. समजा, खरा निघाला. पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटार, आतली तांब्याची तार काढून भंगारात विकलेली. पोरगं सोळा वर्षांचं, आणि त्याच्या संगतीला गावातलाच पंचविशीतला एक बाप्या. ज्याची मोटार गेली त्याचं ऐन उन्हाळ्यात उभं पीक वाळलं, तर त्याला राग येणारच. तो राग खोटा आहे असं कुणी म्हणणार नाही. पण त्या रागाच्या भरात गाव पोराचं पुढचं आयुष्य ठरवून टाकतं, आणि तेही कायदा काय सांगतो ते न विचारता.

पहिली गोष्ट, खांबाला बांधून चोपायची. हा गुन्हा आहे आणि मारणाऱ्यावरच उलटतो. दुसरी गोष्ट, पोलीस ठाण्यात नेल्यावर ‘दोन दिवस कोठडीत टाका, आपोआप सुधरंल’ असं साहेबांना सांगायचं. तसं त्यांना करता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मूल त्याच्याकडं किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडं सोपवायचं आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं उभं करायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्या दोघांपैकी निदान एक महिला असावीच लागते. साध्या किंवा गंभीर गुन्ह्यात मुलावर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसाबरोबर केलेला असेल, तरच एफआयआर. आपल्या मोटारीच्या प्रकरणात तो पंचविशीतला बाप्या आहे, म्हणून एफआयआर होईल. पण त्याचा खटला वेगळा चालेल आणि पोराची चौकशी मंडळापुढं वेगळी होईल.

‘हे नवं खूळ कुठून आलं?’ असं विचारणारे भेटतात. खूळ नवं नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला होता. देशभरासाठीचा कायदा १९८६ चा, त्यात मुलग्यांचं वय सोळापर्यंत धरलं जाई, २००० साली ते अठरा झालं. सध्याचा कायदा २०१५ चा असून तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याची महाराष्ट्राची नियमावली २०१८ ची. खून, बलात्कारासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची प्राथमिक पारख करून त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का, हे मंडळ ठरवू शकतं. ‘लहान आहे म्हणून काहीच होत नाही’ हे त्यामुळं खरं नाही.

वयाचा मुद्दा ग्रामपंचायतीच्या दाराशी येतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला नसेल, तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद बघतात, दोन्ही नसले तरच वैद्यकीय तपासणी. ग्रामसेवकांनी (आताच्या नावानं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी) दाखला द्यायला आठ दिवस लावले, तर त्या आठ दिवसांत पोरगं मोठ्यांच्या तुरुंगात जाऊ शकतं.

मंडळापुढं आलेल्या मुलाला जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं अपवाद. सुटल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या नादी लागेल, त्याच्या स्वतःच्या जिवाला वा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, अशीच कारणं नाकारायला चालतात. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो बाहेर आला. त्या प्रकरणावर चावडीवर घसा कोरडा करणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की, तोच जामिनाचा कायदा आपल्या वाडीतल्या पोरालाही लागू आहे? फरक एवढाच, की शहरातल्या बापाकडं वकील धावत येतो आणि आपल्याकडं बाप एसटीचं भाडं उसनं मागत फिरतो. त्या बापाला एक सांगा. मुलासाठी सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं एक साधा अर्ज करायचा.

तुमचं एक वाक्य

आता मुख्य गोष्ट. मंडळ नुसतं ‘चोरी केली की नाही’ एवढंच बघत नाही. घर कसं आहे, बाप दारू पितो का, शाळा का सुटली, संगत कुणाची, हे सगळं परिविक्षा अधिकारी गावात येऊन विचारतो. त्याचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढं जातो आणि निर्णय बऱ्याच अंशी त्यावर बेततो. तो अधिकारी कुणाला भेटतो? सरपंचाला, पोलीस पाटलाला, हेडमास्तरांना, शेजाऱ्याला. आणि आपण काय सांगतो? ‘साहेब, ते पोरगं वाया गेलंय.’ झालं. अहवालात ‘गावाचा पाठिंबा नाही’ असं उतरलं की मुलाला घरी सोडायला मंडळ कचरतं.

पोलीस पाटील, हेडमास्तर, तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण अर्धंच बोलू नका. आई मजुरीला जाते, आठवीत मुलगा गणितात नापास झाला आणि तेव्हापासून शाळेत आला नाही, मोटारी खोलण्याचा हात त्याला चांगला आहे, हेही सांगा. अमुक गुरुजी त्याच्यावर लक्ष ठेवायला तयार आहेत, हे सांगा. मंडळ एखाद्या चांगल्या माणसाला ‘योग्य व्यक्ती’ ठरवून मूल त्याच्या देखरेखीखाली सोपवू शकतं. तशी एक सही करणारा माणूस गावात निघाला, तर पोरगं गावातच राहतं.

मंडळाकडं पर्यायही बरेच आहेत. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, आईबापांना दंड, चौदा वर्षांवरच्या मुलाला समाजसेवेचं काम, चांगल्या वागणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिविक्षा आणि सगळ्यात शेवटी विशेष गृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. समाजसेवा म्हणजे बाग राखणं, म्हाताऱ्यांची सेवा, दवाखान्यात मदत, अशी कामं. ग्रामपंचायतीनं पुढं होऊन असं काम देऊ केलं, तर मंडळाला सोयीचं पडतं. साध्या गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची असते, नाही संपली तर ती बंद होते. साधी चोरी याच साध्या गुन्ह्यात मोडते.

निरीक्षणगृह, म्हणजे ज्याला आपण अजून रिमांड होम म्हणतो, तिथं राहून मूल परत येतं तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. शाळा नाव घालत नाही. कुणी शेतात कामाला बोलवत नाही. पोरं ‘चोर आला’ म्हणतात. मग त्याला जवळ करणारा एकच माणूस उरतो, तो पंचविशीतला बाप्या, जामिनावर सुटून आलेला. मग पुढची मोटार कुणाच्या विहिरीवरची जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हे टाळण्याची सोय कायद्यात आहे. मंडळानं प्रकरण निकाली काढल्यावर त्या मुलाला पुढं नोकरीसाठी, शिक्षणासाठी कसलीही अपात्रता लागत नाही. मोठ्यांसारखा खटला चाललेला मुलगा तेवढा अपवाद. दोषी ठरल्याची कागदपत्रं अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवायची, नंतर नष्ट करायची. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनीसुद्धा चारित्र्याच्या दाखल्यात द्यायची नसते. मग सरपंचांनी वर्तणुकीच्या दाखल्यावर ‘पूर्वी चोरीचा आळ’ असा शेरा मारायचं कारणच काय? मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो छापण्यालाही बंदी आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना हे बंधन आहे आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या हौशी मंडळींचीही त्यातून सुटका नाही.

त्या बाप्याचंही बघा. पोरांच्या हातून दारू विकणाऱ्याला किंवा तिची ने-आण करून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हातभट्टीची कॅन दुचाकीवर न्यायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं का वापरतात, हे कुणाला ठाऊक नाही? पोरगं पकडलं जातं आणि भट्टीवाला कट्ट्यावर बसून गंमत बघतो. पोलीस पाटलांनी या कलमाची आठवण ठाण्यात करून द्यावी.

आधीच धरलं तर

अशी पोरं कुठून येतात, हेही गावाला ठाऊक असतं. बापानं कर्जापायी जीव दिलेलं घर, दारूपायी मोडलेलं घर, दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन गेले आणि पोरगं आजीकडं राहिलं असं घर. एकल पालक, अनाथ, संकटातल्या घरांतल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यात दरमहा ४००० रुपये आहेत, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत हवं. संस्थेत अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पुढं एकवीसपर्यंत, काही वेळा तेवीसपर्यंत आधार मिळतो. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं करायचे. हा कक्ष महिला व बालविकास विभागाचा आहे.

आणि गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. पुष्कळ ठिकाणी ती फलकावर असते, तिची बैठक कुणी पाहिलेली नसते. कोयत्यावर गेलेल्या घरांची यादी दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत तिनं केली, कोणतं पोर कुणाकडं राहिलंय, शाळेत जातंय का, हंगामी वसतिगृहात सोय होते का, एवढं लिहून काढलं, तरी निम्मं काम झालं. पैसा लागत नाही, वही लागते.

येत्या ग्रामसभेत हात वर करून विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली, वही कुठं आहे? आणि मधल्या काळात एखादं मूल अडचणीत दिसलं, तर १०९८ हा फोन चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.